दहाव्या फेरीचा हिशेब



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनी विज्ञान फळ्यापेक्षा किनाऱ्यावर जास्त शिकवलं, असं संयोजकांनी निमंत्रण देताना मला सांगितलं. म्हणून आजचा विषयही किनाऱ्यावरूनच उचलला आहे. मालवण असो, सर्जेकोट असो, देवगड किंवा वेंगुर्ला असो, सुंगटं, म्हणजे कोळंबी, सोलून झाली की बाजूला डोक्यांचा आणि सालांचा ढीग उरतो. उन्हात दोन-तीन तास गेले की त्याचा वास सुटतो आणि मग तो खाडीत, खड्ड्यात किंवा माडाच्या बुंध्याशी जातो. माडाला तो मानवतो, त्यात वावगं काही नाही. पण त्या सालांमध्ये जे आहे ते पाहिलं, तर एवढ्यावर समाधान मानणं मला जड जातं.

सुंगटाच्या कवचात मुख्यतः तीन गोष्टी असतात. पहिली प्रथिनं, दुसरी कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे शिंपल्यात असतो तोच चुना, आणि तिसरी कायटिन. सुक्या कवचाच्या वजनात साधारण पंधरा ते चाळीस टक्के कायटिन भरतं. जात, हंगाम आणि कवच किती कठीण आहे यावर ते ठरतं. कायटिनचा शोध 1811 मध्ये फ्रान्सच्या आंरी ब्राकोनो यांनी लावला, तोही समुद्रात नव्हे, अळंब्यांमध्ये. पृथ्वीवर सेल्युलोजच्या खालोखाल विपुल असलेल्या नैसर्गिक बहुवारिकांत, म्हणजे लांब साखळीच्या रेणूंत, त्याची गणना होते. खेकडा, सुंगट, झुरळ, अळंबी, सगळ्यांचा सांगाडा याच पदार्थाचा.

कवचं सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लात टाकली की फसफसून बुडबुडे येतात. तो चुना निघून जात असतो. मग सौम्य कॉस्टिक सोड्यात प्रथिनं जातात आणि मऊ, पांढुरकं, कागदासारखं कायटिन हाती राहतं. तेच पुढे तीव्र कॉस्टिकमध्ये, शंभर अंशांच्या आसपास तापवलं की त्याचं कायटोसान होतं. हा बदल वरवर किरकोळ दिसतो, पण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कायटिन पाण्यात विरघळत नाही आणि सौम्य आम्लातही नाही. कायटोसान मात्र व्हिनेगरमध्ये विरघळतं, कारण त्याच्या साखळीवरचे अमाइनो गट आता मोकळे झालेले असतात. हे मोकळे गट दुसऱ्या रेणूंना धरून ठेवू शकतात. कोचीच्या केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्थेनं कवचांपासून कायटिन आणि कायटोसान बनवण्याचं तंत्र आपल्या देशात कित्येक वर्षांपूर्वीच बसवलं आहे. तेव्हा इथवरची वाट मळलेली आहे.

कायटोसाननं धरून ठेवावेत असे आपल्या कामाचे रेणू म्हणजे विकरं, म्हणून आता विकरांकडे वळतो. शाळेच्या पुस्तकात विकर म्हणतात, कारखान्यात एन्झाइम. अढीत ठेवलेला हापूस मऊ होतो तो विकरांमुळे. फळाच्या पेशींना एकमेकींशी चिकटवून ठेवणारं पेक्टिन ती तोडतात. मटणाला कच्च्या पपईचा चीक लावतो, तेव्हा त्यातलं पपेन हे विकर मांसाचे धागे तोडत असतं. विकर म्हणजे प्रथिनाचा एक नेमक्या घडीचा रेणू, सहसा काही नॅनोमीटरचा, म्हणजे मीटरच्या काही अब्जांश भागांएवढा. एकच अभिक्रिया ते हजारो-लाखो पटींनी जलद घडवून आणतं आणि स्वतः खर्ची पडत नाही.

खर्ची पडत नाही, तरी हातचं मात्र जातं. विरजणाचं उदाहरण घ्या. दह्यातला चमचाभर भाग आपण उद्यासाठी काढून ठेवतो आणि ते पुन्हा लागतं, कारण त्यातले जिवाणू जिवंत असतात, वाढत असतात. विकर जिवंत नाही. ते रसात टाकलं, त्यानं काम केलं, की ते रसातच विरघळलेलं राहतं. शेवटी रस उकळतो तेव्हा तेही उकळून निकामी होतं. पुढच्या पिंपासाठी नवं विकत आणा. शिवाय औषधासारख्या पदार्थात विकराचा अंशही राहून चालत नाही, तेव्हा ते काढून टाकण्याचा खर्च वेगळाच. विकराला एखाद्या घन पदार्थावर बांधून ठेवलं, तर काम झाल्यावर तो घन पदार्थ उचलायचा, धुवायचा आणि पुन्हा वापरायचा. सगळी कल्पना एवढीच आहे.

ती जुनी आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात नेल्सन आणि ग्रिफिन यांनी 1916 मध्ये यीस्टमधलं इन्व्हर्टेज हे विकर कोळशाच्या पुडीवर चिकटलेल्या अवस्थेत तपासलं आणि तिथेही ते साखर तोडत राहतं असं त्यांना दिसलं. तेव्हा या गोष्टीचा उपयोग कुणाला सुचला नाही. कारखान्यात हे तंत्र पहिल्यांदा उतरलं 1969 मध्ये, जपानच्या तानाबे सेइयाकू कंपनीत. इचिरो चिबाता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमाइनो आम्लं वेगळी करण्यासाठी बांधलेलं विकर नळकांड्यात भरलं आणि त्यातून द्रावण अखंड वाहतं ठेवलं.

महाराष्ट्रात ही गोष्ट औषधांच्या निमित्तानं आली, आणि ती मला फार मोलाची वाटते. पुण्याजवळ पिंपरीला 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. सार्वजनिक क्षेत्रातला देशातला पहिला पेनिसिलिनचा कारखाना तो. पेनिसिलिनवरून पुढची औषधं, ॲम्पिसिलिन किंवा ॲमॉक्सिसिलिन, बनवायची तर आधी पेनिसिलिनच्या रेणूची एक शेपटी छाटून 6-एपीए नावाचा गाभा मिळवावा लागतो. रासायनिक पद्धतीत हे काम उणे चाळीस अंशांच्या आसपास, फॉस्फरस पेंटाक्लोराइड आणि क्लोरिनयुक्त द्रावकं वापरून करावं लागे. पेनिसिलिन ॲसायलेज नावाचं विकर तीच छाटणी साध्या पाण्यात, आपल्या अंगाच्या तापमानाला करतं. पण हे विकर महाग आहे, आणि रुग्णाला द्यायच्या औषधात ते उरणं चालत नाही. बांधून वापरण्याची गरज इथे दोन्ही बाजूंनी होती. जगभरचे उत्पादक तिकडे वळले आणि एकदा बांधलेलं ॲसायलेज शेकडो वेळा वापरणं ही रोजची गोष्ट झाली. पिंपरीत जे. जी. शेवाळे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या विकरांवर काम केलं. त्यांचा 1990 च्या सुमाराचा आढावा या विषयातल्या लोकांना माहीत आहे. पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सी. जी. सुरेश, अर्चना पुंडले, एच. शिवरामन आणि ब्रिटनमधले त्यांचे सहकारी यांनी 1999 मध्ये पेनिसिलिन व्ही ॲसायलेजची त्रिमितीय रचना जगासमोर मांडली. विकर कुठे धरायचं आणि त्याचं तोंड कुठे मोकळं ठेवायचं हे समजायला अशी रचना लागते. तोंडाशीच धरलं तर ते बांधलं जाईल, पण काम करणार नाही.

मग विकर बांधायला कायटोसानचे नॅनोतंतू, म्हणजे नॅनोमीटरमध्ये मोजायच्या जाडीचे धागे, कशाला? बारीक मणी आहेतच की. पेनिसिलिनचं काम मण्यांवर उत्तम चालतं. मणी सच्छिद्र असतात आणि विकर त्या छिद्रांच्या आत बसतं. पेनिसिलिनचा रेणू इवलासा, तो सहज आत जातो, तुटतो आणि बाहेर येतो. आता पेनिसिलिनच्या जागी आंब्याचा किंवा काजूच्या बोंडाचा रस घ्या. पेक्टिनचा रेणू म्हणजे शर्करांची लांबलचक साखळी, फळाच्या गरात गुंतलेली. मण्याच्या छिद्रात ती शिरत नाही. आत बसलेली विकरं रिकामी राहतात आणि बाहेरच्या पृष्ठभागावर असतील तेवढीच राबतात. दुधातल्या केसिनच्या गोळ्यांचंही तेच. शंभर-दोनशे नॅनोमीटरचा गोळा वीस-तीस नॅनोमीटरच्या छिद्रात जाणार कसा?

तंतूला मात्र आत असं काही नसतंच. त्याचा सगळा पृष्ठभाग बाहेर, रसाच्या समोर. आणि तंतू जितका बारीक तितका हा पृष्ठभाग जास्त. वीस मायक्रोमीटर जाडीचा, म्हणजे बारीक केसाएवढा धागा घेतला, तर एका ग्रॅम धाग्याचा पृष्ठभाग चौरस मीटरच्या सातव्या भागाएवढा भरतो. तोच पदार्थ दोनशे नॅनोमीटर जाडीचा काढला तर एका ग्रॅमला सुमारे चौदा चौरस मीटर होतात. बारा फूट लांब आणि बारा फूट रुंद खोलीच्या जमिनीपेक्षा थोडं जास्तच. मोठ्या रेणूंवर काम करायचं असेल तर नॅनोतंतूंची बाजू खरी आहे असं मला वाटतं, ते या कारणासाठी. नॅनो या शब्दाच्या भुरळीसाठी नव्हे.

हे तंतू काढण्याची एक पद्धत विद्युत-कताईची. फॉर्महाल्स यांचं तिच्यावरचं पेटंट 1934 चं आहे. जेफ्री टेलर यांनी 1964 मध्ये दाखवलं की, उच्च दाबाच्या विजेखाली द्रवाचा थेंब शंकूसारखा होतो आणि त्याच्या टोकातून बारीक धार सुटते. अमेरिकेत ॲक्रन विद्यापीठाच्या संशोधकांनी 2002 मध्ये अशा नॅनोतंतूंवर कायमोट्रिप्सिन हे विकर बांधून दाखवलं. ते तंतू पॉलिस्टायरीनचे होते. नैसर्गिक बहुवारिकांची पाळी पुढे आली.

प्रयोगशाळेत ही कताई प्रत्यक्ष पाहण्यासारखी असते. एका सिरिंजमध्ये कायटोसानचं दाट द्रावण भरलेलं असतं. समोर दहा-पंधरा सेंटीमीटरवर ॲल्युमिनियमची चकती, आणि सुई व चकती यांच्यामध्ये पंधरा-वीस हजार व्होल्टचा दाब. सुईच्या टोकाशी थेंब फुगतो, अणकुचीदार होतो आणि त्यातून निघालेली धार हवेत गिरक्या घेत चकतीकडे जाते. वाटेतच तिच्यातलं पाणी उडतं. धार डोळ्याला जेमतेम दिसते. तासाभरात चकतीवर पांढरा, कापडासारखा पातळ पापुद्रा जमतो. एकट्या कायटोसानची कताई कठीण जाते, कारण त्याच्या साखळ्यांवर विद्युतभार असतो आणि त्या एकमेकींना दूर लोटतात. म्हणून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलसारखा दुसरा बहुवारिक मिसळतात. मग तो पापुद्रा ग्लुटारल्डिहाइडच्या वाफेत ठेवतात. हा रेणू दोन्ही टोकांनी अमाइनो गटांना धरतो, म्हणून साखळ्या एकमेकींशी सांधल्या जातात. पापुद्रा पिवळसर पडला की सांधणी झाली असं समजायचं. ही पायरी टाळता येत नाही. न सांधलेलं कायटोसान आंबट रसात विरघळून जाईल आणि विकरही त्याच्याबरोबर जाईल. शेवटी पापुद्रा विकराच्या थंड द्रावणात रात्रभर ठेवायचा आणि सकाळी स्वच्छ धुवायचा. जे धुऊन गेलं नाही ते बांधलं गेलं.

कताईचं यंत्र नसेल तर दुसरी वाट आहे, आणि ती आपल्याला अधिक जवळची आहे. जपानमधलं तोत्तोरी हा असाच समुद्रकाठचा छोटा प्रांत, खेकड्यांसाठी नावाजलेला. खेकड्यांच्या कवचांचं करायचं काय हा प्रश्न तिथेही होता. तोत्तोरी विद्यापीठाच्या शिनसुके इफुकू यांच्या गटानं 2009 मध्ये दाखवलं की, चुना आणि प्रथिनं काढलेलं ओलं कायटिन नुसतं दळलं, तरी दहा-वीस नॅनोमीटर जाडीचे तंतू सुटे होतात. खेकड्यानं कवच बांधताना तंतू आधीच विणलेले असतात. आपण ते फक्त मोकळे करायचे. आपल्या मालवण किनाऱ्यासारख्याच एका किनाऱ्यावर, कचऱ्याच्या प्रश्नातून सुरू झालेलं हे काम आहे, म्हणून ते मी मुद्दाम सांगतो.

आता आपल्या जिल्ह्यात याचं करायचं काय? पहिला विचार काजूच्या बोंडाचा येतो. बियांच्या सहा ते दहापट वजनाची बोंडं झाडाखाली पडतात. गोव्यात त्यांची फेणी होते. आपल्याकडे बहुतेक बोंडं कुजतात. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्रानं वेंगुर्ला-4, वेंगुर्ला-7 अशा जाती दिल्या, बागा वाढल्या आणि बोंडंही वाढली. रस काढला तर तो गढूळ आणि तुरट, घशाला खवखवणारा. गढूळपणासाठी पेक्टिनेज, तुरटपणासाठी टॅनेज, ही विकरं नॅनोतंतूंवर बांधायची आणि पापुद्रा पिंपात सोडायचा. कागदावर हे फार छान दिसतं.

मी मात्र तुम्हाला इथून सुरुवात करा असं सांगणार नाही. पेक्टिनेज काळ्या बुरशीपासून मोठ्या प्रमाणावर बनतं आणि रसाला ते अगदी थोडं लागतं. जे मुळातच स्वस्त आहे ते परत मिळवण्यासाठी महागडा पापुद्रा करणं परवडत नाही. दुसरं म्हणजे बोंडातलं टॅनिन प्रथिनांना चिकटतं आणि कायटोसानलाही. म्हणजे पापुद्र्याचा पृष्ठभाग दोन-चार फेऱ्यांतच लेपून जाईल. टॅनेज सगळ्या प्रकारचं टॅनिन तोडतं असंही नाही. आणि तिसरी गोष्ट, जी प्रयोगशाळेत कुणी विचारत नाही: सुंगटाच्या कवचाला टेकून आलेला रस हिरव्या ठिपक्याच्या बाटलीत भरता येईल का? शाकाहारी घरात, श्रावणात, तो चालेल का? ज्यांना सुंगटांची ॲलर्जी आहे त्यांचं काय? अळंबी आणि बुरशीपासून कायटोसान काढून हे प्रश्न सुटू शकतात, पण मग आपल्या सुंगटांच्या सालांचा ढीग जागच्या जागीच राहतो.

या विषयावरचे प्रबंध वाचताना मी थेट पुनर्वापराच्या तक्त्याकडे जातो. पहिल्या फेरीत शंभर टक्के सगळेच लिहितात, कारण पहिली फेरी हीच मोजपट्टी धरलेली असते. पाचव्या फेरीत किती उरलं, दहाव्यात किती, आणि प्रयोग शुद्ध रसायनाच्या द्रावणात केला की खऱ्या रसात, हे पाहायचं. बांधतानाच विकराची किती ताकद गेली, तेही पाहायचं. पुष्कळदा ती निम्म्यानं गेलेली असते. दहाव्या फेरीपर्यंत मिळालेलं एकूण काम आणि पापुद्र्याचा खर्च यांचा मेळ बसत नसेल, तर ते संशोधन म्हणून कितीही चांगलं असलं तरी इथल्या बचत गटाच्या किंवा छोट्या उद्योजकाच्या गळ्यात ते घालू नये.

मेळ बसेल अशी जागा मला बांगड्यात दिसते. मासा मेल्यावर त्याच्या स्नायूतला ऊर्जेचा साठा, एटीपी, पायरीपायरीनं तुटत जातो. मधल्या एका पायरीवर आयएमपी असतं, ताज्या मासळीची चव बऱ्याच अंशी त्याचीच. ते संपत गेलं की शेवटी हायपोझँथिन साचतं. ते किती साचलं यावरून मासळी किती शिळी हे कळतं, नाकाला कळण्याच्या आधी. झँथिन ऑक्सिडेज नावाचं विकर, जे गाईच्या दुधातही असतं, हायपोझँथिनवर काम करतं आणि त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड बाहेर पडतं. ते विजेच्या संवेदकानं मोजता येतं, किंवा जोडीला दुसरं विकर ठेवून रंगानं दाखवता येतं. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठात सी. एस. पुंदीर यांच्या गटानं माशाच्या मांसातलं झँथिन मोजणारे असे संवेदक बनवले आहेत. बांगड्याच्या बाबतीत आणखी एक धोका आहे. बर्फाविना राहिलेल्या बांगड्यात जिवाणू हिस्टिडिनपासून हिस्टामिन बनवतात. ते शिजवून जात नाही आणि वासावरूनही नेहमी कळत नाही. खाल्ल्यावर तोंड लाल होतं, अंगावर पित्त उठतं. डायअमाइन ऑक्सिडेज हे विकर हिस्टामिन ओळखतं.

ही विकरं नॅनोतंतूंच्या पट्टीवर बांधून मासळीचा ताजेपणा तपासायचा म्हटलं, तर सगळी गणितं उलटतात. विकर महाग आहे, म्हणून परत वापरण्याला अर्थ आहे. ते लागतं मात्र नखाएवढ्या पट्टीपुरतं. पट्टी कुणी खात नाही, तेव्हा हिरव्या ठिपक्याचा प्रश्न उरत नाही. आणि पृष्ठभाग मोठा असल्यामुळे इवल्याशा पट्टीवर पुरेसं विकर बसतं. रापणीची किंवा छोट्या होडीची मासळी पहाटे जेट्टीवर येते, तेव्हा तिचा ताजेपणा ही मच्छीमाराची खरी मिळकत असते. पण तो सिद्ध करायला त्याच्याकडे शब्दाशिवाय काही नसतं. कित्येक दिवस समुद्रात राहिलेल्या मोठ्या बोटीची मासळी आणि ही, दोन्ही एकाच लिलावात एकाच नजरेनं तोलल्या जातात. पहाटेच्या बांगड्याचा आकडा पट्टीवर दिसला, तर दर मागायला त्याच्या हातात काहीतरी येईल. मासळी विकणाऱ्या बायकांना दुपारी गिऱ्हाइकाशी जी हुज्जत घालावी लागते, तिच्यातही तो आकडा कामी येईल. अशी पट्टी बनवणं सोपं आहे असं मी म्हणत नाही. उन्हात, दमट हवेत, खारट हातांत विकर टिकवणं हे यातलं सगळ्यात अवघड काम आहे, आणि थंड, कोरड्या प्रयोगशाळेत बसून ते होणार नाही. ते इथेच करावं लागेल.

कवचांचीही एक अट आहे. सोलल्यानंतर ती काही तासांत बर्फावर गेली पाहिजेत किंवा कडक उन्हात सुकली पाहिजेत. नाहीतर त्यांच्यातली स्वतःची विकरं आणि जिवाणू काम सुरू करतात आणि कायटिनचा दर्जा उतरतो. सुंगटं सोलणाऱ्या बायकांना या वेगळ्या कामाचा वेगळा मोबदला मिळाला तरच हे होईल. सोलणीच्या मजुरीतच ते धरून चालणार नाही. कवचातून कायटिन काढताना लागणारं आम्ल आणि कॉस्टिक खाडीत सोडलं, तर आपण कचऱ्याच्या जागी विष ठेवलं असं होईल. तेव्हा ही प्रक्रिया घरोघरी नको, एका ठिकाणी, सांडपाण्याच्या पक्क्या व्यवस्थेसह हवी.

इथे जिल्ह्यातले विज्ञानाचे विद्यार्थी आणि त्यांचे शिक्षक बसले आहेत, म्हणून एक काम सांगून थांबतो. कताईच्या यंत्राची वाट पाहू नका. कायटोसान व्हिनेगरमध्ये विरघळवा आणि ते द्रावण थेंबाथेंबानं कॉस्टिकच्या पाण्यात सोडा, पांढरे मणी मिळतील. ते धुवा, ग्लुटारल्डिहाइडनं सांधा. हे शिक्षकांच्या देखरेखीत, हातमोजे घालून आणि खिडक्या उघड्या ठेवूनच करा, कारण त्या रसायनाची वाफ वाईट असते. मणी पुन्हा भरपूर पाण्यानं धुऊन पपईच्या चिकातून काढलेल्या पपेनमध्ये रात्रभर ठेवा. सकाळी धुऊन एका नळीत कोमट दूध आणि मणी घाला आणि दूध फुटायला किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजा. मणी काढा, धुवा, नवं दूध घ्या, पुन्हा मोजा. केसिन मण्याच्या आत जात नाही, त्यामुळे बारीक मण्यांचा आणि जाड मण्यांचा वेळ वेगवेगळा येईल, तोही लिहून ठेवा. तेवढंच दूध मणी न घालता दुसऱ्या नळीत शेजारी ठेवायला विसरू नका. दहा फेऱ्या करा, आणि दहाव्या फेरीचा वेळ जो येईल तोच वहीत लिहा.